एकट्याने आरव्हीतून शिकागो ते यलोस्टोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागोहून आय-९० या महामार्गाने विस्कॉन्सिन, मिनेसोटा, साउथ डकोटा आणि वायोमिंग ओलांडून यलोस्टोनला जाण्याचा प्रवास अमेरिकेतील मराठी कुटुंबांना चांगला परिचित आहे. तोच प्रवास एकट्याने, आणि तोही आरव्ही घेऊन करायचा म्हटला की शंका सुरू होतात. त्यांपैकी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. वाटेवरच्या प्रसिद्ध थांब्यांविषयीची मते माझी आहेत. ती पटली नाहीत तरी गाडीची उंची, अंतरे आणि नियम यांविषयीचा मजकूर उपयोगी पडावा.

१. आरव्ही म्हणजे नेमके काय, आणि एकट्या माणसाने कोणत्या प्रकारची घ्यावी?

राहण्याची सोय असलेल्या वाहनांना अमेरिकेत सरसकट आरव्ही म्हणतात. ट्रकमागे ओढायचे ट्रेलरही त्यातच येतात. परंतु भाड्याने घेऊन चालवायची ती बहुधा मोटरहोम असते. क्लास ए बसएवढी असते, क्लास बी म्हणजे उंच व्हॅनमध्येच बसवलेले घर, आणि क्लास सी म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, चालकाच्या डोक्यावर पुढे आलेला पलंग असलेली गाडी. एकट्यासाठी क्लास बी सर्वांत सोयीची असते, कारण ती शहरातल्या साध्या पार्किंगमध्येही बहुधा मावते. मात्र तिचे भाडे जास्त असते आणि ती सहज मिळत नाही. क्लास सी घ्यावी लागली, तर २५ फुटांच्या पुढे जाऊ नये. एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही: मोटरहोमने गेल्यावर दूध आणायला जायचे असले तरी सगळे घर आवरून, वीज-पाण्याची जोडणी काढून, कपाटे बंद करून निघावे लागते. दोघे असतील तर ही कामे वाटली जातात, एकट्याला रोज सकाळी अर्धा तास त्यासाठी धरावा लागतो.

२. परवाना आणि विम्याचे काय?

भाड्याने मिळणाऱ्या नेहमीच्या मोटरहोम अमेरिकेतल्या साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येतात. भारतातून पर्यटक म्हणून येणाऱ्याने मूळ परवान्यासोबत आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना आणावा. तो एक वर्षासाठी असतो आणि अमेरिकेत आल्यावर काढता येत नाही. वयाची अट कंपनीगणिक बदलते. क्रेडिट कार्डाबरोबर मिळणारे भाड्याच्या गाडीचे विमासंरक्षण मोटरहोमला बहुधा लागू नसते, म्हणून कार्डाच्या भरवशावर कंपनीचा विमा नाकारण्यापूर्वी कार्डाच्या अटी स्वतः वाचाव्यात. छताला आणि गाडीच्या खालच्या भागाला झालेले नुकसान अनेक पॉलिसींतून वगळलेले असते, आणि नवख्या चालकाकडून नेमके छतच झाडाच्या फांदीला लागते.

३. किती अंतर आहे आणि किती दिवस ठेवावेत?

शिकागो ते साउथ डकोटातले रॅपिड सिटी सुमारे ९०० मैल आणि यलोस्टोनचे पूर्व प्रवेशद्वार सुमारे १,४०० मैल. साउथ डकोटात आय-९० वर ताशी ८० मैलांची मुभा असली, तरी मोटरहोम ६० ते ६५ च्या आतच चालवावी. त्यापुढे पेट्रोल झपाट्याने जाते आणि वाऱ्यात गाडी लेनमध्ये ठेवणे अवघड होते. एकट्या चालकाने दिवसाला ३०० मैलांचा बेत करावा. या हिशेबाने जाण्याचेच पाच दिवस होतात. म्हणून मुक्कामांसह दोन आठवड्यांपेक्षा कमी सुट्टी असेल, तर रॅपिड सिटीपर्यंत विमानाने जाऊन तिथून पुढे गाडी घेण्याचा विचार करावा. साउथ डकोटाच्या मधोमध घड्याळ एक तास मागे जाते, तो तास पश्चिमेला जाताना मिळतो आणि परतीला जातो.

४. हॉटेलांपेक्षा हे स्वस्त पडते का?

एकट्याला नाही. चार माणसांच्या कुटुंबाला आरव्ही कदाचित परवडते, कारण दोन खोल्यांचे भाडे आणि बाहेरचे जेवण वाचते. एकट्याचे मात्र गाडीचे दिवसाचे भाडे, मैलांनुसार आकार, जनरेटरच्या तासांचा आकार, कॅम्पग्राउंडचे (गाडी लावून मुक्काम करायच्या जागेचे) भाडे आणि पेट्रोल मिळून साधी मोटार आणि मोटेल यांच्या बेरजेच्या वर जाते. क्लास सी गॅलनला आठ ते दहा मैल देते. जाऊन-येऊन आणि उद्यानात फिरून ३,३०० मैल झाले, तर सव्वातीनशे गॅलनांहून अधिक पेट्रोल लागेल. त्या वेळच्या दराने गुणून पाहावे. स्वतःचे अंथरूण, स्वतःचे स्वयंपाकघर आणि दारातून बाहेर पाऊल टाकताच समोर मोकळे माळरान, याची ही किंमत आहे. ती मोजायची इच्छा असेल तरच आरव्ही घ्यावी.

५. रात्री मुक्काम कुठे करायचा? हूकअप म्हणजे काय?

कॅम्पग्राउंडच्या जागेवर वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते, तिला हूकअप म्हणतात. तिन्ही असतील तर फुल हूकअप. लहान मोटरहोमला ३० अँपिअरची वीज लागते. छतावरचा एसी आणि मायक्रोवेव्ह तिच्यावर किंवा जनरेटरवरच चालतात, बॅटरीवर चालत नाहीत. महामार्गालगत खासगी कॅम्पग्राउंड भरपूर आहेत. राष्ट्रीय उद्यानांतल्या जागा निसर्गरम्य असतात, पण त्यांत हूकअप क्वचितच असते: यलोस्टोनमध्ये फक्त फिशिंग ब्रिज येथे आहे, आणि अस्वलांच्या वावरामुळे तिथे कापडी भिंतींच्या गाड्यांना व तंबूंना मज्जाव आहे. वॉलमार्टच्या आवारात रात्र काढता येते का, हे त्या त्या दुकानाचा व्यवस्थापक आणि गावाचा नियम यांवर अवलंबून असते. आत जाऊन विचारावे. वाटेत एखादी रात्र तशी काढायला हरकत नाही, पण एकट्याने नेहमीची सवय करू नये.

साउथ डकोटातल्या बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानातले सेज क्रीक हे विनाशुल्क कॅम्पग्राउंड अनेकांनी सुचवलेले असते. तिथे १८ फुटांपेक्षा लांब आरव्हीला परवानगी नाही आणि पाणीही नाही. २५ फुटी गाडीवाल्यांनी त्याच उद्यानातल्या सीडर पास कॅम्पग्राउंडकडे जावे.

६. संडासाच्या टाकीचे काय करावे लागते?

हा प्रश्न बहुतेक जण शेवटी आणि संकोचाने विचारतात, म्हणून तो येथे वर घेतला आहे. गाडीखाली दोन टाक्या असतात: एकीत संडासाचे, दुसरीत मोरीचे आणि आंघोळीचे पाणी साठते. डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडण्याच्या ठिकाणी, किंवा फुल हूकअपच्या जागी जाड नळी जोडून आधी संडासाची आणि मग दुसरी टाकी रिकामी करावी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. फुल हूकअप असले तरी संडासाच्या टाकीची झडप सतत उघडी ठेवू नये. पाणी वाहून जाते, घट्ट मळ तळाशी राहतो आणि पुढे त्याचा थर बसतो. रबरी हातमोजे स्वतःचे न्यावेत. एकट्याची टाकी चार-पाच दिवस सहज पुरते, त्यामुळे हे काम वाटते तितक्या वेळा करावे लागत नाही.

७. गाडीत रोजचा मराठी स्वयंपाक करता येतो का?

येतो, फक्त फोडणी बाहेर करावी. धुराचा अलार्म शेगडीपासून चार-पाच फुटांवर असतो आणि मोहरी तडतडून मिरची पडताच तो ओरडू लागतो. अलार्मची बॅटरी काढून ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण त्याच गाडीत प्रोपेनवर चालणारा हीटर असतो आणि आपण तिच्यातच झोपणार असतो. एक सुटी शेगडी घेऊन कॅम्पग्राउंडच्या टेबलावर फोडणी करून घ्यावी, आणि वरण-भाताचा कुकर आत लावावा. यलोस्टोनमध्ये मात्र बाहेर शिजवलेले काहीही, अगदी रिकामे पातेलेसुद्धा, टेबलावर सोडून आत जाऊ नये. अस्वलांमुळे हा नियम कडक आहे. वाटेवरच्या छोट्या गावांत शाकाहारी जेवण म्हणून बहुतेक ठिकाणी फ्राइज आणि सॅलडच मिळते, तेव्हा भाजणी, मेतकूट, पोहे यांचा साठा शिकागोहूनच भरून घ्यावा.

८. मागे उभे राहून सांगणारे कोणी नसताना गाडी मागे कशी घ्यायची?

शक्यतो घ्यावी लागू नये, अशीच योजना करावी. कॅम्पग्राउंडचे आरक्षण करताना पुल-थ्रू जागा मागावी, म्हणजे एका बाजूने आत शिरून सकाळी दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडता येते. मागे घ्यावीच लागली, तर गाडी थांबवून, खाली उतरून, चारी बाजूंनी फिरून आणि वर फांद्यांकडे पाहून यावे, आणि गरज पडेल तितक्या वेळा हे करावे. शेजारचे लोक मदतीला धावून येतात, पण तीन जणांनी तीन दिशा दाखवल्या की गोंधळ वाढतो. एकालाच विनंती करावी. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा बराच भाग लोंबता असतो, त्यामुळे उजवीकडे वळताना तिचे शेपूट डावीकडे झुकते. पेट्रोल पंपावर सर्वाधिक खरचटणी यामुळेच होतात.

९. कोणते ठिकाण निराश करणार, हे आधी ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते. आय-९० वरच्या अनेक थांब्यांची कीर्ती त्यांच्या जाहिरातफलकांनी केलेली आहे. दोनशे मैल आधीपासून फलक दिसू लागले, तर त्या ठिकाणापेक्षा फलकांवरच अधिक मेहनत झाली आहे असे समजायला हरकत नाही. आणखी एक कसोटी एकट्या प्रवाशासाठी वेगळी लावावी लागते. काही ठिकाणे मुळात सोबत हसण्यासाठी आहेत: मक्याच्या कणसांनी मढवलेली इमारत, ८० फुटी सिमेंटचा डायनासोर, मिनेसोटातल्या ब्लू अर्थ गावचा ५५ फुटी हिरवा राक्षस. मुले बरोबर असतील, तर त्यांची अर्धा तास करमणूक होते. एकटा माणूस त्यांच्यापुढे उभा राहतो, एक फोटो काढतो आणि तो कोणाला दाखवावा हे न कळून गाडीकडे परततो. याउलट जिथे वारा, शांतता आणि लांबवर दिसणारी जमीन हेच पाहायचे असते, तिथे एकट्याला इतरांपेक्षा जास्त मिळते. म्हणून माहितीपत्रकातले तारांकन बाजूला ठेवून, सोबतीशिवाय त्या ठिकाणात काय उरते, एवढे पाहावे. पुढच्या काही उत्तरांत हीच कसोटी लावली आहे.

१०. मिचेलच्या कॉर्न पॅलेसला थांबावे का?

पाय मोकळे करायला थांबावे, पाहायला म्हणून वाट वाकडी करू नये. पहिला पॅलेस १८९२ मध्ये, या भागात उत्तम शेती होते हे वसाहतवाल्यांना पटवण्यासाठी बांधला गेला. सध्याची इमारत १९२१ ची आहे. निरनिराळ्या नैसर्गिक रंगांची कणसे उभी चिरून भिंतींवर ठोकतात आणि त्यांची चित्रे दरवर्षी नवी करतात. कल्पना सुरेख आहे आणि कारागिरी जवळून पाहण्याजोगी आहे, परंतु आत जाताच बास्केटबॉलचे मैदान आणि आठवणवस्तूंचे दुकान लागते, आणि अनेकांचा विरस तिथेच होतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जुनी चित्रे उतरवण्याचे काम चालू असले, तर भिंती अर्ध्या उघड्याही दिसतात. प्रवेश विनाशुल्क आहे. त्याच दिवशी पुढे चेंबरलेनजवळ महामार्गाच्या विश्रांतिस्थळी मिझुरी नदीच्या काठावर उभा असलेला ‘डिग्निटी’ हा ५० फुटी पुतळा मात्र चुकवू नये. तारकांची गोधडी पांघरलेली मूळनिवासी स्त्री, मागे नदीचे रुंद पात्र, आणि आरव्हीसाठी प्रशस्त पार्किंग. २०१६ मध्ये उभारलेल्या या पुतळ्याची जाहिरात जवळपास नाहीच.

११. वॉल ड्रगचे इतके फलक दिसतात, तिथे आहे तरी काय?

टेड हस्टेड यांनी १९३१ मध्ये वॉल या लहानशा गावातले औषधाचे दुकान घेतले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा त्यांच्या पत्नी डोरोथी यांना रणरणत्या उन्हातल्या प्रवाशांना बर्फाचे पाणी मोफत देण्याची आणि तसे फलक रस्त्यावर लावण्याची कल्पना सुचली. आज तिथे दुकानांची रांगच्या रांग आहे. पाणी अजून मोफत आहे, कॉफी पाच सेंटला आहे, डोनट चांगले आहेत. बाकी टोप्या, चुंबक आणि शिंगे लावलेले ससे. ही एका हुशार जाहिरातीची गोष्ट आहे, आणि ती गोष्ट दुकानापेक्षा रंजक आहे. आरव्हीसाठी मागच्या बाजूला जागा मिळते. वीस मिनिटे पुरतात.

१२. माउंट रशमोर फोटोत भव्य दिसते आणि प्रत्यक्षात लहान का वाटते?

हा सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न आहे. वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे चेहरे प्रत्येकी सुमारे ६० फूट उंच आहेत, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीएवढे. परंतु ते ज्या डोंगरावर कोरले आहेत तो त्यांच्या कितीतरी पट मोठा आहे, आणि आपण मुख्य सज्जावर त्यांच्यापासून बरेच दूर व खाली उभे असतो. फोटोत डोंगर कापलेला असतो, डोळ्यांना तो पूर्ण दिसतो. शिल्पकार गुट्झन बोर्ग्लम यांना आकृती कमरेपर्यंत कोरायच्या होत्या. १९२७ मध्ये सुरू झालेले काम मार्च १९४१ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर त्यांच्या मुलाने त्याच वर्षी आवरते घेतले. म्हणजे आपण पाहतो ते अपुरेच शिल्प आहे.

निराशा कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, सकाळी लवकर जाणे: शिल्पाचे तोंड आग्नेयेकडे आहे, त्यामुळे सकाळच्या उन्हात चेहऱ्यांना खोली येते आणि दुपारनंतर ते सपाट दिसतात. दुसरा, सज्जावरून परत न फिरता पायथ्याच्या पायवाटेने फिरणे. तिथून खाली पडलेला फोडलेल्या दगडांचा ढीग दिसतो आणि कामाचा आवाका तिथेच कळतो. एवढे करूनही काहींचे मन भरत नाही, आणि त्याचे कारण आकारात नसते. हे शिल्प ज्या डोंगराळ प्रदेशात आहे तो ब्लॅक हिल्स हा भाग १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या तहाने लाकोटा या मूळनिवासी लोकांकडे राहायचा होता. सोने सापडल्यावर तो काढून घेतला गेला. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मंजूर केली, ती त्यांनी आजवर घेतलेली नाही, कारण त्यांना जमीन हवी आहे. हे ठाऊक असलेला माणूस ध्वजांच्या रांगेतून चालत जाताना थोडा अवघडतो. प्रवेशाला शुल्क नाही, पार्किंगला आहे. त्याविषयी प्रश्न १७ पाहावा.

१३. मग क्रेझी हॉर्स अधिक चांगले का?

अधिक मोठे, पण अधिक अपुरे. लाकोटा प्रमुख हेन्री स्टँडिंग बेअर यांच्या निमंत्रणावरून शिल्पकार कोर्चाक झिओल्कोव्स्की यांनी १९४८ मध्ये क्रेझी हॉर्स या लाकोटा योद्ध्याचे शिल्प डोंगरात कोरायला सुरुवात केली. ८७ फुटांहून उंच चेहरा १९९८ मध्ये पूर्ण झाला. घोड्यासह संपूर्ण शिल्प ५६३ फूट उंच व्हायचे आहे. सरकारी पैसा घेतला जात नाही, त्यामुळे प्रवेशशुल्क भरीव आहे, आणि डोंगराच्या पायथ्याशी नेणाऱ्या बसचे पैसे वेगळे पडतात. ज्यांना पूर्ण झालेली वस्तू पाहायची असते, ते येथून चिडून परततात. पिढ्यान्‌पिढ्या चालणारे काम चालू असताना पाहण्यात ज्यांना रस आहे, त्यांनी संग्रहालयासह अर्धा दिवस द्यावा. दोन्ही शिल्पे एकाच दिवशी पाहू नयेत, तुलना करण्यातच दिवस संपतो.

१४. या वाटेवर अपेक्षेपेक्षा सरस काय निघते?

बॅडलँड्स. पूर्वेकडून येताना १३१ क्रमांकाच्या फाट्याला आय-९० सोडून २४० क्रमांकाच्या रस्त्याने वॉलजवळच्या ११० क्रमांकाच्या फाट्यापर्यंत जावे. हा संपूर्ण वळसा मोटरहोमला जमतो, ठिकठिकाणी थांबण्यापुरती जागा आहे, आणि माळरान अचानक तुटून खाली गुलाबी-राखाडी मातीचे पट्टे लागलेले कडे सुरू होतात. भर दुपारी ते फिके दिसतात. दुपारी दोन वाजता येऊन ‘काही खास नाही’ म्हणून निघून जाणारे पुष्कळ भेटतात, आणि सूर्य मावळतीला लागल्यावर याच कड्यांवर काय होते ते त्यांना कधीच कळत नाही. म्हणून येथे रात्रीचा मुक्काम ठेवावा.

त्याच १३१ च्या फाट्यावर मिनिटमन या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांविषयीचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. पुढे ११६ च्या फाट्याजवळ डेल्टा-०९ या भूमिगत खंदकात काचेच्या छताखाली क्षेपणास्त्राचा सांगाडा पाहता येतो. कुरणाच्या मधोमध तारेचे कुंपण, एक काँक्रीटचा चौथरा आणि शीतयुद्धाच्या काळात जगाचा अंत घडवू शकले असते असे यंत्र. फलक नाहीत, गर्दी नाही. या प्रवासातले सर्वांत अस्वस्थ करणारे ठिकाण मी यालाच म्हणेन.

१५. ब्लॅक हिल्समधले प्रसिद्ध बोगदे आणि घाटरस्ते आरव्हीने करता येतात का?

नीडल्स हायवे अजिबात नाही. त्यावरचा नीडल्स आय बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आणि पावणेदहा फूट उंच आहे, तर क्लास सी गाडी एसीसह ११ ते १२ फूट उंच भरते. आयर्न माउंटन रोडवरचे तीन बोगदे थोडे मोठे आहेत आणि त्यांतून माउंट रशमोर चौकटीत बसवल्यासारखे दिसते, पण वळणे आणि गोल फिरून चढणारे लाकडी पूल लक्षात घेता भाड्याची मोटरहोम तिकडे नेऊ नये. रॅपिड सिटीला गाडी उभी करून एका दिवसासाठी साधी मोटार भाड्याने घ्यावी. तीच मोटार कस्टर स्टेट पार्कच्या १८ मैलांच्या वन्यजीव फेरीसाठीही चालते, जिथे रस्ता अडवून उभ्या असलेल्या गव्यांचे (अमेरिकन बायसनचे) कळप दिसतात. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवावी, आणि मार्ग दाखवणाऱ्या ॲपमध्ये उंची भरण्याची सोय नसेल, तर त्यावर विसंबू नये.

पुढे बिगहॉर्न पर्वत ओलांडताना १४-ए हा रस्ता टाळावा, तिथे दहा टक्क्यांपर्यंत उतार आहेत. बफेलोहून जाणारा १६ क्रमांकाचा रस्ता त्या मानाने सौम्य आहे. उतारावर ब्रेक दाबून न धरता खालचा गिअर टाकावा.

१६. यलोस्टोनमध्येही निराशा होते का?

उद्यान निराश करत नाही, चुकीच्या जागी उभे राहिले की निराशा होते. ग्रँड प्रिझमॅटिक हा निळ्या-केशरी कड्यांचा झरा हे त्याचे ठळक उदाहरण. फोटो उंचावरून काढलेले असतात. झऱ्यालगतच्या लाकडी पुलावरून फक्त वाफ आणि पिवळसर पाणी दिसते. रंग पाहायचे असतील, तर फेअरी फॉल्सच्या पायवाटेने अर्ध्या मैलाहून थोडे अधिक चालून वरच्या सज्जावर जावे, आणि सकाळच्या थंडीत न जाता दुपारी जावे, म्हणजे वाफ विरळ असते. वसंतात अस्वलांसाठी ही वाट बंद ठेवतात; ती मेच्या अखेरीस उघडते. झऱ्याजवळचे पार्किंग मोटरहोमला अपुरे पडते, त्यामुळे या भागात सकाळी नऊच्या आत गाडी लावावी आणि दुपारपर्यंत आसपासचे बाकीचे झरे पाहून घ्यावेत.

ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या झऱ्याचा फवारा साधारण दीड तासाने, दीड ते पाच मिनिटे उडतो, आणि पुढची वेळ दहा मिनिटे मागे-पुढे धरून जाहीर केलेली असते. बाकांवर दाटीवाटीने बसून पाहिले तर तो सरकारी कार्यक्रमासारखा वाटतो. ऑब्झर्वेशन पॉइंटच्या टेकडीवर चढून पाहावा.

१७. वार्षिक पास घ्यावा का, आणि तो कुठे चालत नाही?

बॅडलँड्स, डेव्हिल्स टॉवर आणि यलोस्टोन ही तिन्ही ठिकाणे करणाऱ्या अमेरिकावासीयाला ८० डॉलरचा वार्षिक पास सोयीचा पडतो. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या रहिवाशांसाठी हाच पास २५० डॉलरचा झाला आहे, आणि पास नसल्यास यलोस्टोनसह गर्दीच्या अकरा उद्यानांत त्यांना नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर अधिक द्यावे लागतात. भारतातून येणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. माउंट रशमोरला पार्किंगचे १० डॉलर लागतात, त्याला पास चालत नाही. कस्टर हे राज्याचे उद्यान आहे आणि क्रेझी हॉर्स खासगी संस्थेचे, त्यामुळे दोन्हीकडे वेगळे शुल्क आहे.

१८. डेव्हिल्स टॉवर आणि डेडवुडसाठी वाट वाकडी करावी का?

डेव्हिल्स टॉवरसाठी करावी. १९०६ मध्ये घोषित झालेले हे अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय स्मारक. ८६७ फुटी सुळक्याभोवतीची १.३ मैलांची वाट एकट्याने, हळूहळू चालण्यासारखी आहे. वरचे पार्किंग लवकर भरते. डेडवुडमध्ये १८७६ च्या सोन्याच्या धावपळीचे गाव शोधायला जाल, तर कॅसिनो सापडतील.

१९. एकट्या बाईने हा प्रवास करावा का? फोनला रेंज असते का?

करणाऱ्या बऱ्याच आहेत, आणि कॅम्पग्राउंडवर एकट्या प्रवासी स्त्रिया, विशेषतः निवृत्त, नेहमी दिसतात. मुक्कामाला अंधार पडण्यापूर्वी पोहोचावे, एकटे असल्याचे अनोळखी माणसाला सांगत बसू नये, आणि घरच्यांना रोजचा मार्ग व मुक्काम कळवून ठेवावा; ही काळजी पुरुषांनीही घ्यावी. माणसांपेक्षा खरा धोका हवेचा असतो. साउथ डकोटा आणि वायोमिंगमध्ये आडवा वारा मोटरहोमला लेनबाहेर ढकलतो आणि उन्हाळ्यात दुपारनंतर गारपीट होते. जोरदार वाऱ्याची सूचना असेल, तर त्या दिवशी गाडी हलवू नये. यलोस्टोनच्या मोठ्या भागात आणि बिगहॉर्नमध्ये रेंज नसते; नकाशे आधी उतरवून घ्यावेत, आणि उपग्रहावरून आपत्कालीन संदेश पाठवू शकणारा फोन असेल, तर ती सोय घरीच शिकून घ्यावी. यलोस्टोनमध्ये गव्यापासून २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड दूर राहण्याचा नियम आहे. फोटो काढून द्यायला कोणी नाही म्हणून गव्याकडे पाठ करून सेल्फी घेऊ नये.

२०. यलोस्टोनहून पुढे ग्लेशियर उद्यानही जोडावे का?

जोडता येते, पण तिथल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या घाटात २१ फुटांपेक्षा लांब आणि आठ फुटांपेक्षा रुंद वाहनांना बंदी आहे, आणि ग्लेशियरला जाण्याचे मुख्य कारण तोच रस्ता असतो. पायथ्याशी गाडी ठेवून उद्यानाची शटल किंवा सहलीची बस घ्यावी लागते. ती आधी मिळाली नाही, तर हा फाटा टाळावा.

२१. एखाद्या ठिकाणी मन रमले नाही, तर पुढची आरक्षणे मोडून निघून जावे का?

यलोस्टोनच्या आतले आरक्षण मोडू नये. उन्हाळ्यात ते पुन्हा मिळणे जवळजवळ अशक्य असते. ऑगस्टच्या सुरुवातीला स्टर्जिसचा मोटरसायकल मेळावा असतो, त्या आठवड्यात ब्लॅक हिल्समध्येही दुसरी जागा शोधायच्या भानगडीत पडू नये. एरवी खासगी कॅम्पग्राउंड एखाद्या रात्रीचे भाडे कापून उरलेले परत करतात, तेव्हा रॅपिड सिटीचा एक दिवस कमी करून बॅडलँड्सला किंवा बिगहॉर्नला देणे सहज जमते. वैतागून संध्याकाळीच निघू मात्र नये. तिन्हीसांजेला या रस्त्यांवर हरणे आडवी येतात, मोटरहोम चटकन थांबत नाही, आणि पुढच्या गावी पोहोचेपर्यंत कॅम्पग्राउंडचे कार्यालय बंद झालेले असते. रात्र तिथेच काढावी आणि पहाटे टाक्या रिकाम्या करून निघावे.